किट टाकायचं की अख्खा सिलिंडर? जुन्या गाडीच्या ब्रेक-क्लचचा निर्णय

जुन्या गाडीचं ब्रेक पेडल मऊ लागायला लागलं की गॅरेजात दोनपैकी एक सल्ला हमखास मिळतो. ‘किट टाकूया, अजून चालेल’, नाहीतर ‘सगळं नवीन घाला, डोक्याला ताप नको’. बहुतेक वेळा सिलिंडर खोलायच्या आधीच हे ठरलेलं असतं. खरं उत्तर मात्र सिलिंडरच्या आत असतं आणि ते बघायला टॉर्च, स्वच्छ फडकं आणि हाताचं नख एवढंच लागतं. गोव्यात अजून कितीतरी घरांच्या पडवीशेजारी मारुती ८००, पद्मिनी, ॲम्बॅसेडर, जिप्सी जपून ठेवलेल्या दिसतात. हा लेख त्यांच्या मालकांसाठी आहे. स्वतः पाना हातात घेणाऱ्यांसाठी, आणि मेस्त्रींकडे काम सोपवून शेजारी उभं राहणाऱ्यांसाठीसुद्धा.

रबर कशावर घासतं?

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइल ढकलतो आणि तो दाब नळ्यांतून चाकांपर्यंत जातो. दाब गळू नये म्हणून पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये रबर असतं. आपण ज्याला किट म्हणतो त्यात मुख्यतः हे रबरच मिळतं. धातूची भिंत जुनीच राहते. म्हणून प्रश्न असा विचारायचा: हे रबर कुठल्या पृष्ठभागावर घासतं, आणि तो पृष्ठभाग आज कसा आहे?

मास्टर सिलिंडर, ड्रममधले व्हील सिलिंडर आणि क्लचचे दोन्ही सिलिंडर यांच्यात रबरी कप पिस्टनबरोबर पुढेमागे सरकतो आणि सिलिंडरच्या भिंतीवर घासतो. त्यामुळे तिथे भिंत आरशासारखी गुळगुळीत हवी. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये नेमकं उलट आहे. तिथे चौकोनी छेदाचं रबर कॅलिपरच्या खाचेत जागच्या जागी बसलेलं असतं आणि पिस्टन त्याच्यातून सरकतो. म्हणून कॅलिपरमध्ये पिस्टनचा पृष्ठभाग आणि ती खाच महत्त्वाची. आतल्या भिंतीवर थोडा गंज असला तरी कॅलिपर गळत नाही. कुठला भाग वाचवायचा आणि कुठला टाकायचा, हे जवळजवळ सगळं या फरकावरून ठरतं.

गोव्याच्या हवेत काय होतं

नेहमीचं ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३ आणि डॉट ४, हवेतला ओलावा शोषून घेतं. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की किमान १४० अंशच अपेक्षित धरतात. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना सतत ब्रेक लावले की चाकाकडचं ऑइल चांगलंच तापतं. त्यातलं पाणी उकळलं तर वाफ होते. वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. गाडी थंड झाल्यावर सगळं पुन्हा ठीक वाटतं, म्हणून हा दोष गॅरेजात सापडत नाही.

दुसरं नुकसान हळू होतं. जूनपासून गाडी झाकून ठेवली जाते आणि चवथीला मुंबईहून किंवा आखातातून घरची माणसं आली की बाहेर काढली जाते. त्या तीन महिन्यांत रबरी कप एकाच जागी बसून असतात आणि पाणी शोषलेलं ऑइल त्यांच्या कडेला बिडाची भिंत खात असतं. चोडण-दिवाडीच्या फेरीने रोज जाणाऱ्या किंवा किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे लोखंडी पाइप, ऑइलमधली हवा काढायची निपल आणि कॅलिपरच्या सरकपिना बाहेरूनही गंजतात. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा गाडी अंगणातल्या अंगणात जरी पुढेमागे केली आणि पेडल दोन-चारदा दाबलं, तरी बरंच नुकसान टळतं.

खोलण्याआधी निदान

पेडल मऊ म्हणजे सिलिंडर गेला, असं लगेच समजू नका. पहिल्या दाबाला पेडल खाली जातं पण लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं, तर मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, झिजलेले किंवा सेट नसलेले असू शकतात. आधी ते सेट करून बघा. स्पंजसारखं लागत असेल तर हवा आहे. पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही, तर व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा मास्टरमागचा डबा, तपासा. तिथे ऑइलच्या सिलिंडरचा संबंध बहुधा नसतो.

इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट धरा. बाहेर कुठेही गळती नसताना पाय हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरमधले कप दाब सोडताहेत. डबीतलं ऑइल कमी होतंय आणि खाली थेंब नाही? मास्टर आणि बूस्टर यांच्या सांध्यात बघा. दोन नट सैल करून, पाइप न सोडता, मास्टर थोडा पुढे ओढता येतो. मागून ओला असेल तर ऑइल बूस्टरमध्ये चाललंय. डिस्क पॅड झिजतात तशी पातळी थोडी उतरतेच, तेवढ्याने घाबरू नका. मागच्या टायरची आतली बाजू ओली दिसली तर बहुधा व्हील सिलिंडर.

एकच चाक तापत असेल तर ही तपासणी करा. गाडी नीट उचलून, पेडलवर पाय नसतानाही चाक धरलेलं असताना रबरी नळीच्या आधीचा, म्हणजे मास्टरच्या बाजूचा जोड किंचित सैल करा. चाक मोकळं झालं तर दाब मास्टरकडून अडकतोय. नाही झालं तर जोड घट्ट करून चाकावरचं निपल उघडा. आता मोकळं झालं तर नळी आतून फुगून बंद झाली आहे. तरीही नाही, तर पिस्टनच जाम आहे. कॅलिपर उगीच बदलले जातात ते ही तपासणी न केल्यामुळे, आणि दोष बहुधा नळीत निघतो.

व्हील सिलिंडर खोलून बघताना

गाडी जॅकवर सोडून कधीच काम करू नका. घोडे, म्हणजे गाडीखालचे लोखंडी स्टँड लावा, बाकी चाकांना अडण द्या. ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. स्प्रिंगा काढण्याआधी फोटो काढून ठेवा, आणि दुसऱ्या बाजूचा ड्रम ही बाजू पूर्ण होईपर्यंत खोलू नका. नमुना म्हणून तो उपयोगी पडतो.

सगळ्यांत आधी एअर काढायचं निपल सुटतं का ते पाहा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि षटकोनी सॉकेटने हळू फिरवा. व्हील सिलिंडरचं निपल मोडलं तर निर्णय झालाच, नवीन घ्या. पाइपचा नट साध्या पान्याने गोल होतो. त्यासाठी पाइपवरून सरकणारा, नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा पाना मिळतो, तो वापरा. नटाबरोबर पाइप पिळला जात असेल तर थांबा, पुन्हा तेल मारा.

आता टोकांचे रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणाऱ्या टोप्या, काढून अंगठ्याने पिस्टन एका बाजूने ढकला. दुसऱ्या बाजूने पिस्टन, कप, स्प्रिंग आणि त्यांच्याबरोबर तपकिरी चिखल बाहेर येईल. सिलिंडर फक्त ब्रेक ऑइलने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांच्यापैकी काही नको. या ऑइलसाठी बनवलेलं रबर खनिज तेलाच्या नुसत्या अंशानेही फुगतं.

धुतल्यावर एका टोकाने टॉर्च मारा आणि दुसऱ्या टोकाने बघा. कप जिथे बसून होते तिथे बहुतेक एक गडद कडी दिसेल. खालच्या बाजूला काळे ठिपकेही दिसतील. कडी म्हणजे डाग की खड्डा, हे डोळ्यांना कळत नाही. तिथून नख फिरवा. नख न अडकता सरकलं तर तो डाग आहे. ६०० नंबरचा पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बोटाभोवती गुंडाळा आणि भिंतीच्या गोलाईने फिरवा. लांबीच्या दिशेने कधीच घासू नका. लांबीचा प्रत्येक ओरखडा म्हणजे दाब सुटायला वाट. दोन-तीन मिनिटांत भिंत एकसारखी चमकली तर किट टाका. कप फिरतो त्या पट्ट्यात नख कुठेही अडकत असेल तर पॉलिशचा नाद सोडा. खड्डा जाईपर्यंत घासलं तर सिलिंडरचा व्यास वाढतो आणि नवा कपही सैल बसतो. शंका असेल तर पिस्टन कपाशिवाय आत घालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावून बघा. साधारण ०.१ मि.मी. ची पट्टी सहज आत जात असेल तर सिलिंडर बाद समजा.

हे सगळं बिडाच्या सिलिंडरबद्दल. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून कठीण ॲनोडाइज थर असतो. त्याला पॉलिश पेपर लावायचाच नाही. थर गेला असेल तर सिलिंडर गेला.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. नवे जाड लायनर घातले की पिस्टन पूर्वीपेक्षा आत ढकलले जातात. म्हणजे कप इतकी वर्षं न वापरलेल्या, गाळ साचलेल्या पट्ट्यावर जाऊन बसतात. लायनर बदलल्यावर पंधरा दिवसांत सिलिंडर गळायला लागतो तो यामुळे. म्हणून लायनर बदलताना सिलिंडर उघडून बघाच.

मेस्त्रींकडे काम असेल तर सिलिंडरच्या आतल्या भिंतीबद्दल, म्हणजे बोअरबद्दल, एवढंच सांगा: ‘मेस्त्री, बोअर पुसून मला एकदा दाखवा, मग किटचं ठरवू.’ चांगला मेस्त्री याचा राग मानत नाही.

कुठे काय करावं

मारुती ८०० सारख्या गाडीच्या मागच्या ड्रमचे व्हील सिलिंडर बाजारात सहज मिळतात आणि महाग नसतात. तिथे मी किटचा विचार करतच नाही, दोन्ही बाजूंना नवीन घालावेत. पद्मिनी किंवा जुन्या ॲम्बॅसेडरला चारही चाकांना ड्रम असल्याने सिलिंडर जास्त, आणि चांगला माल शोधावा लागतो. तिथे भिंत निर्दोष असेल तर चांगलं किट हा शहाणपणाचा मार्ग आहे. एका ॲक्सलवर एका बाजूला नवं, दुसऱ्या बाजूला जुनं असं करू नका. व्यास दोन्हीकडे एकच हवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

मास्टर सिलिंडरच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. दोन सर्किटच्या, म्हणजे ऑइलच्या दोन स्वतंत्र वाटांच्या गाडीत एका चाकाचा सिलिंडर गळला तर एक सर्किट जातं. मास्टर गेला तर सगळाच भरवसा जातो, आणि जुन्या गाड्यांत दोन वेगळी सर्किट असतीलच असं नाही. भिंतीवर एकही अडकणारी जागा नसेल आणि खात्रीचं किट मिळत असेल तरच ते टाका. नाहीतर नवीन. आणि जुना मास्टर गाडीवर असताना हवा काढायला पेडल जमिनीपर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात कप भिंतीच्या मागच्या भागातच फिरतात. पुढचा भाग गंजलेला असतो, पूर्ण दाबलं की कप त्याच्यावरून ओढले जाऊन फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

कॅलिपर मात्र शक्यतो वाचवावा. त्याचं बीड मजबूत असतं. पिस्टन काढायला गाडीच्याच पेडलचा दाब सगळ्यांत सुरक्षित. नळी सोडण्याआधी पेडल दाबत पिस्टन बाहेर आणा, समोर लाकूड धरा. कॉम्प्रेसरने पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोटं तिथे असता कामा नयेत. रबर काढल्यावर खाच बांबूच्या कामटीने साफ करा, स्क्रू ड्रायव्हरने नको. खाचेत गंजाचा पापुद्रा राहिला तर नवं रबर पिस्टनला आवळतं आणि चाक तापत राहतं. पिस्टनवर बूटाच्या रेषेजवळ क्रोम उडून खड्डे पडले असतील तर फक्त पिस्टन बदला, शक्य असेल तर स्टेनलेस स्टीलचा. सरकपिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत निम्मा त्रास या पिनांचाच असतो.

रबरी नळ्यांना दुरुस्ती नाही. वय माहीत नसेल तर सगळ्या नव्या घाला. लोखंडी पाइप बाहेरून फुगलेले, पोपडे आलेले असतील तर बदला. आपल्या हवेत तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप उत्तम. साधं तांबं नको, कंपनांनी ते कडक होऊन तडकतं. पाइपचं टोक दुहेरी फ्लेअरचं, म्हणजे पसरवून आत दुमडलेलं, आहे की फुग्यासारखं, हे जुन्या टोकाशी जुळवून घ्या. दोन्हींची सरमिसळ केली तर जोड गळणारच.

क्लचला तेलाची डबी असेल तर त्याचाही मास्टर आणि खालचा सिलिंडर याच पद्धतीने तपासा. मारुती ८०० चा क्लच केबलवर चालतो, तिला हे लागू नाही. क्लच वाटेत गेला तर गाडी अडकते, एवढंच. म्हणून तिथे किरकोळ डागावर किट टाकून बघायला हरकत नाही. पॉवर स्टिअरिंगचं तेल आणि रबर वेगळं असतं, ब्रेक ऑइल तिथे चुकूनही जाऊ देऊ नका. स्टिअरिंग रॅकचा रबरी बूट फाटून दांडा गंजला असेल तर सील बदलून फार दिवस टिकत नाही. आणि एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, हायड्रॉलिक संच घरी खोलायचा नाही.

स्लीव्ह करून घेणं

नवीन सिलिंडर मिळतच नाही आणि भिंत खराब आहे, अशा वेळी तिसरा मार्ग आहे. सिलिंडर लेथवर मोठा करून त्यात स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची बाही बसवतात आणि पुन्हा मूळ व्यासाला आणतात. नीट झालं तर गंजाचा प्रश्न कायमचा संपतो. आपल्याकडे चांगले लेथवाले आहेत. मोठ्या कामाला चोर्ला घाट चढून बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाता येतं. मात्र ब्रेकचं काम केलेला माणूसच निवडा. काम देताना मूळ व्यास लिहून द्या, आणि मास्टर असेल तर ऑइलच्या डबीकडे जाणाऱ्या दोन भोकांबद्दल स्पष्ट बोला. त्यातलं एक अगदी बारीक, मिलिमीटरहूनही लहान असतं. पेडल सोडल्यावर तापलेलं ऑइल त्याच्यातून परत डबीत जातं. बाहीतून ते भोक नेमक्या जागी पाडायला हवं आणि आतली कड गुळगुळीत हवी. भोक बंद राहिलं तर ब्रेक आपोआप धरतात. कड धारदार राहिली तर नवा कप पहिल्याच दिवशी कापला जातो. काम परत घेताना बारीक तार घालून आणि टॉर्च मारून बघा.

खरेदी

पुडीवर कंपनीचं नाव, भाग क्रमांक आणि बनवल्याची तारीख बघा. रबर दुकानातही म्हातारं होतं. किट उघडून कपाची ओठासारखी कड वाकवून बघा. चीर किंवा कडकपणा दिसला तर परत करा. जुन्या साठ्यातला न वापरलेला सिलिंडर मिळाला तर आनंदाने घ्या, पण आतलं रबर तितकंच जुनं आहे हे धरून नवं किट टाकूनच बसवा.

ऑइलच्या डबीच्या झाकणातलं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल तर कोणीतरी खनिज तेल ओतलेलं आहे. अशा वेळी एकेक भाग वाचवायचा प्रयत्न सोडा. सगळे कप, सील, नळ्या बदला आणि धातूचे पाइप अल्कोहोलने धुवा. सिलिकॉनचं डॉट ५ आणि नेहमीचं डॉट ३-४ एकत्र करायचं नाही. डॉट ५ पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी सखल जागी साचून तिथेच गंज धरतं.

जोडणी आणि एअर काढणं

हात साबणाने धुवा. प्रत्येक कप ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा किंवा ब्रेक रबरासाठीचं लाल ग्रीस लावा, गाडीचं साधं ग्रीस नको. कपाची ओठाची बाजू दाबाकडे असावी. उलटा बसला तर पेडल उभं राहतच नाही. मास्टर गाडीवर चढवण्याआधी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून, तोंडांना नळ्या लावून त्या पुन्हा डबीत सोडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळूहळू दाबा. बसवल्यावर पेडलच्या दांड्याला थोडा मोकळा खेळ आहे याची खात्री करा. खेळ नसेल तर ते बारीक भोक झाकलेलं राहतं आणि ब्रेक चालता चालता आवळत जातात.

हवा काढायला साधारणपणे मास्टरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. सर्किट तिरकी असतील तर गाडीच्या पुस्तकातला क्रम पाळा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, आणि बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. बाहेर आलेलं ऑइल पुन्हा वापरू नका. ते रंग खातं, बॉडीवर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता.

शेवटी इंजिन चालू करून पेडल जोराने दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघायला सांगा. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर कमी वेगात, हँडब्रेक चालतोय हे बघून, चाचणी घ्या. थांबल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णता तपासा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा जोड आणि पातळी बघा. त्याआधी घाटात जाऊ नका.

ऑइल बदलल्याची तारीख बॉनेटखाली लिहून ठेवा आणि दर दोन वर्षांनी बदला. १५ वर्षांनंतर पासिंग दर ५ वर्षांनी होतं. ब्रेक ऑइलला तोवर थांबवू नका. काढलेले जुने सिलिंडर भंगारात देऊ नका. धुऊन, आत तेलाचा हात फिरवून, गाडी आणि चाक लिहिलेल्या पिशवीत ठेवा. पुढे नवीन मिळेनासे झाले तर स्लीव्ह करायला हेच बीड लागेल.